तीनशे वीसपैकी एकशे त्र्याण्णव

कुशावर्ता गेल्याचं मला शमीमनं फोनवर सांगितलं. आधी तिनं माझ्या गुडघ्यांची चौकशी केली, मग म्हणाली, "सर, आपली कुशा गेली. मागच्या सोमवारी. चार महिने आजारीच होती. तुमाला दुसरं कोण कळवनार, म्हणून मीच फोन केला."

मी "बरं" म्हणालो. तेवढाच शब्द तोंडातून निघाला. 

या अंकासाठी संपादकांचं पत्र त्याआधीच आलं होतं. गणिताच्या शिक्षकाचे गमतीदार अनुभव लिहा, असं त्यांनी कळवलं होतं. माझ्याकडे तसे अनुभव आहेत. भूमितीच्या तासाला मधमाश्या उठल्या आणि आम्ही सगळे टेबलाखाली बसून कोन मोजत होतो, तो एक. आपल्या मुलाला 'क्ष' कोण आहे हे विचारायला शेतातून थेट वर्गात आलेल्या गृहस्थांचा एक. ते लिहायला घेतले होते, तीन पानं झालीही होती. शमीमच्या फोनानंतर ती पुढे सरकेनात. तेव्हा ती बाजूला ठेवली आहेत आणि हे एकच लिहितो आहे. यात गंमत थोडी आहे, आणि तीही सुरुवातीलाच संपते.

गेवराई तालुक्यात, उमापूरच्या बाजूला, एका मोठ्या गावातल्या कनिष्ठ महाविद्यालयात मी गणित शिकवत होतो. गावात नुकताच पहिला एसटीडी बूथ निघाला होता. बीडला गेलं की गल्लोगल्ली संगणक शिकवण्याच्या पाट्या दिसायच्या. आता देश बदलणार, पोरांना नुसतं पाठांतर पुरणार नाही, असं मी वाचत होतो आणि ते मला खरं वाटत होतं. बारावी शास्त्रच्या माझ्या वर्गात एकतीस विद्यार्थी होते, त्यांत मुली चार. कुशावर्ता आणि शमीम त्यांतल्याच दोघी.

बारावीला द्विपद वितरण नावाचा एक धडा असे. ज्यांचा गणिताशी संबंध सुटला आहे त्यांच्यासाठी सांगतो, कारण ते समजल्याशिवाय पुढचं समजणार नाही. एखादी गोष्ट ठरावीक वेळा करायची. दर वेळी निकाल दोनच प्रकारचे: झालं किंवा नाही झालं. होण्याची शक्यता दर वेळी तेवढीच असली पाहिजे. आणि एका वेळच्या निकालाचा दुसऱ्या वेळच्या निकालावर परिणाम होता कामा नये. या चार अटी पाळल्या गेल्या, तर इतक्या वेळा केल्यावर किती वेळा 'झालं' येईल याचा अंदाज सूत्रानं काढता येतो. नाणं चार वेळा उडवलं तर छाप एकदाही न येण्यापासून चारही वेळा येण्यापर्यंत पाच शक्यता असतात. सोळात त्यांचा वाटा अनुक्रमे एक, चार, सहा, चार, एक. मधे जास्त, कडेला कमी. बस, एवढंच.

एवढंच, पण पोरांना ते कळत नसे. सूत्र घोकून येत आणि विसरून जात. म्हणून मी त्या वर्षी वर्गात चारचार-पाचपाच जणांचे गट केले आणि ठरवलं, हे हातानं करून बघायचं. आधी नाणी वापरली. पहिल्या तासाला सात गटांना अठ्ठावीस नाणी दिली, तासाच्या शेवटी अकरा परत आली. उरलेली भज्यांच्या गाड्याकडे गेल्याचं मला समोर दिसत होतं. मग मला चिंचोके सुचले.

आमच्याकडे मुली चिंचोक्यांवर पट खेळतात. चिंचोका मधोमध फोडला की एक बाजू पांढरी, सपाट निघते, दुसरी काळपट, फुगीर राहते. चार फोडी हातात खुळखुळवून टाकायच्या आणि पांढऱ्या किती पडल्या ते मोजायचं. चारही पांढऱ्या पडल्या तर चार घरं, चारही काळ्या पडल्या तर आठ. म्हणजे कडेच्या गोष्टी क्वचित घडतात हे गावातल्या पोरींना कोणी न शिकवता ठाऊक होतं, म्हणून तर त्यांना घरं जास्त. मला याचा फार आनंद झाला होता.

दोन दिवसांत गावात बातमी फिरली की गणिताचे सर पोरींना जुगार शिकवतात. तिसऱ्या दिवशी कुशावर्ताचे वडील वर्गाच्या दारात उभे. त्यांना सगळे अप्पा म्हणत. बाजारपेठेत किराणा दुकान, कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, वर्षातून एकदा कपिलधारच्या यात्रेला गेल्याशिवाय राहायचे नाहीत. आवाज कधी चढायचा नाही.

"सर, वर्गात पट खेळवता म्हनं?"

"पट नाही अप्पा, गणित. या, बसून बघा."

खरंच बसले. मागच्या बाकावर, टोपी मांडीवर घेऊन, अख्खा तास. तास संपल्यावर म्हणाले, "म्हंजे असं बघा. आता जो मानूस रस्त्यानं चाललाय तो माझ्या दुकानात शिरंल का न्हाई, ते मला सांगता येत न्हाई. पर दिसभरात कितीक शिरतील, ते मी सकाळीच सांगतो. हेच का?"

मी म्हणालो, "अप्पा, हे सांगायला मला दोन आठवडे लागले."

"मग पोरींना नीट चिंचोके तरी द्या. हे किडके हायेत." दुसऱ्या दिवशी त्यांच्या दुकानातून पायलीभर चिंचोके आले. वर्गात सगळ्या गटांनी वापरले ते अप्पांचे चिंचोके.

त्या तासानंतर जाताना त्यांनी मला बाजूला घेतलं होतं. "सर, आमच्यात पोरीला इतकं कुनी शिकवलं न्हाई. हिच्या आज्जीचा, चुलत्यांचा, समद्यांचा नकार हाय. ही म्हनती, बारावी झाली की अंबाजोगाईला जाऊन बी.एस्सी. करते. मी हो म्हनलंय. पर एक सांगून ठेवलंय तिला. जोवर तुझ्या नावानं कुनी बोट दाखवत न्हाई, तोवर शिक. ज्या दिवशी दाखवलं, त्या दिवशी माझा शब्द संपला."

"तिच्याकडे कोण बोट दाखवणार?" मी हसून म्हणालो होतो.

प्रयोग असा होता. प्रत्येक गटानं चार चिंचोके ऐंशी वेळा टाकायचे. दर वेळी पांढरे किती पडले त्याची रेघ मारायची. सायक्लोस्टाइल केलेल्या कागदावर पुढच्या बाजूला रेघा आणि बेरजा, मागच्या बाजूला निष्कर्ष. निष्कर्षाखाली मी लाल शाईनं 'पाहिले' लिहून सही करायची. ऐंशी फेकांसाठी सूत्राचं उत्तर येतं पाच, वीस, तीस, वीस, पाच. हे मी फळ्यावर आधीच लिहून ठेवलं होतं. ही माझी पहिली चूक. पण ती इतकी साधी आहे की तिला चूक म्हणायला मला फार वर्षं लागली.

मुलांच्या सहा गटांचे कागद आले. पाच, वीस, तीस, वीस, पाच. एका गटाचं एकोणीस आणि एकवीस, बाकी तसंच. मी खूश होऊन पुढच्या बाजूला 'शाब्बास' लिहिलं. चिंचोके असे कधी पडत नाहीत, हे माझ्याइतकं वर्गात कोणाला माहीत असायला हवं होतं? मुलांनी दहा-बारा वेळा टाकून बघितले असतील, मग कंटाळून फळ्यावरचं उतरवलं असेल. चार मुलींचा एकच गट होता. त्यांचा कागद सगळ्यांत शेवटी आला. बाकीचे घरी गेले तरी त्या व्हरांड्यात बसून टाकत होत्या. शमीम मोठ्यानं आकडा सांगायची, कुशावर्ता रेघ मारायची.

"अगं, आता ऐंशी झाले असतील, चला की," त्यांच्यातली एक म्हणाली.

"त्र्याहत्तर," कुशावर्ता म्हणाली. "बस खाली."

शमीम म्हणाली, "ही सासूला पण अशीच मोजायला बसवंल बघा."

त्यांच्या कागदावर मी 'शाब्बास' लिहिलं नाही. रेघांची गर्दी होती, बेरजा वेगळ्या दिसत होत्या. मागे सही केली आणि गठ्ठ्यात बांधून टाकला.

आता आमच्याकडच्या परीक्षांबद्दल लिहिलं पाहिजे. ज्यांनी पाहिलं आहे त्यांना सांगायला नको. बोर्डाच्या परीक्षेला खिडक्यांच्या गजांवर माणसं चढलेली असत. चिठ्ठ्या दगडाला बांधून आत यायच्या. एका वर्षी पाणी पाजायला आलेल्या माणसाच्या घागरीच्या चुंबळीत पूर्ण प्रश्नपत्रिकेची उत्तरं निघाली होती, आणि सगळे हसले होते, मीसुद्धा. त्या खिडकीवरच्या माणसांना मी एकदाही हटकलं नाही. त्यांत ओळखीचे होते, संस्थेच्या लोकांचे नातलग होते, आणि मी भित्रा माणूस आहे. पण मनात एक ठसठस होती. वाटायचं, आपल्याला आवाज नाही, पण आपल्याकडे गणित आहे. एकदा तरी ही चोरी अशी पकडावी की कोणाला तोंड उघडता येऊ नये.

जानेवारीत पूर्वपरीक्षा झाली. वीस प्रश्न पर्यायांचे होते. अ, ब, क, ड यांपैकी एकावर खूण करायची. शेवटचे दहा प्रश्न मी हौसेनं चिंचोक्यांवर काढले होते. 'एक चिंचोका चार वेळा टाकला, तर तीन वेळा पांढरा पडण्याची संभाव्यता किती?' अशा धर्तीचे. पांढरा पडण्याची शक्यता निम्मी धरून बरोबर उत्तर, आणि ती दोन-पंचमांश, तीन-पंचमांश, तीन-चतुर्थांश धरून तीन चुकीची उत्तरं, असे चार पर्याय मी तयार केले होते. तपासायला एक पुठ्ठा होता. बरोबर उत्तराच्या जागी त्याला भोकं पाडलेली. पुठ्ठा उत्तरपत्रिकेवर ठेवायचा, भोकातून खूण दिसली तर गुण, नाही तर नाही. प्रश्न वाचावाच लागत नाही. मी या पुठ्ठ्याचाही अभिमान बाळगून होतो.

कुशावर्ताच्या पत्रिकेवर ठेवला. पहिले दहा बरोबर. शेवटचे दहा सगळे चूक. वर्गातली सर्वांत हुशार मुलगी. मी चक्रावलो. पुढची पत्रिका शमीमची. पहिले नऊ बरोबर, शेवटचे दहा सगळे चूक. दोघी एकामागं एक बाकावर बसल्या होत्या. मी दोन्ही पत्रिका शेजारी ठेवल्या आणि अक्षरं ताडून पाहिली. दहापैकी नऊ ठिकाणी दोघींनी तोच चुकीचा पर्याय निवडला होता.

त्या क्षणी मला आनंद झाला. हे लिहायला नको वाटतं, पण झाला. कारण हे तर माझंच गणित होतं. दोघी चुकल्या, चुकीचे पर्याय तीन, म्हणजे योगायोगानं तोच पर्याय येण्याची शक्यता एक-तृतीयांश. दहा प्रश्न. निदान नऊ वेळा जुळण्याची शक्यता सूत्रात घातली. उत्तर आलं सुमारे अठ्ठावीसशेत एक. मी तीनदा करून पाहिलं आणि स्वच्छ कागदावर उतरवून प्राचार्यांकडे गेलो.

प्राचार्य चांगले गृहस्थ होते. कागद उलटासुलटा करून म्हणाले, "सर, लई बारीक काम केलंत तुमी. म्हंजे कुनी बघितलं न्हाई, तरी धरलं?"

"बघायची गरजच नाही."

"संस्थेत दाखवायला हे बेस हाय. वरून बी लई वराडतेत कॉपी बंद करा म्हनून. नोटीस लावू या." मग, "पोरी हायेत सर. नावं लावायची का?"

मी म्हणालो, "मुलगे असते तर लावली असती ना?"

हे वाक्य मला तेव्हा न्यायाचं वाटलं होतं.

दोघींना बोलावलं. शमीम रडत होती. कुशावर्ता रडत नव्हती. तिच्या कपाळावर आठी होती, गणित सुटत नसलं की पडायची तशी.

"एकमेकींचं बघून लिहिलंत?"

"न्हाई सर."

"मग नऊ उत्तरं सारखी कशी?"

"सारखीच येनार की सर. आमच्या गटाचे चिंचोके एकच होते."

"चिंचोक्यांचा विषय संपला. मी परीक्षेबद्दल विचारतोय."

"सर, पर त्या कागदावर…"

"कुशावर्ता, खोटं बोललीस तर जास्त वाईट होईल."

त्यानंतर ती माझ्याशी काही बोललीच नाही. पुष्कळ वर्षं.

नोटीस फळ्यावर लागली. 'पूर्वपरीक्षेत गैरप्रकार', आणि खाली दोन नावं. तो फळा रस्त्याच्या बाजूला होता. संध्याकाळी अप्पा घरी आले. मी खुर्ची दिली, ते बसले नाहीत.

"सर, माझी पोर चोर हाय का न्हाई, एवढंच सांगा."

"अप्पा, हे बघा, आपोआप असं जुळण्याची शक्यता अठ्ठावीसशेत एक…"

"आकडा न्हाई विचारला मी."

मी खाली बघत म्हणालो, "गणित तर तसंच सांगतं."

"तुमी शिकवलं तवा मी मागं बसलो होतो," ते म्हणाले. "मला वाटलं होतं, एकाचं काही सांगता येत न्हाई म्हनून." आणि पायऱ्या उतरून गेले.

हे त्यांनी किती अचूक सांगितलं होतं! दिवसभरातली गिऱ्हाइकं मोजता येतात, रस्त्यानं चाललेल्या एकट्या माणसाबद्दल बोलता येत नाही. मी त्यांच्याच मुलीबद्दल बोललो होतो.

शमीमचे वडील टेलर. ते कॉलेजात आले, मशीनचं तेल लागलेल्या हातानं नोटीस वाचली आणि मला म्हणाले, "गणितानं चोर पकडायले का सर? कमाल हाय. पोरगी बोर्डाच्या इम्तिहानाला बसंल, तवा बघा." ती बसली आणि चांगल्या गुणांनी पास झाली. कुशावर्ता बसली नाही. हॉल तिकीट न्यायला कोणी आलं नाही. ते माझ्याच टेबलाच्या खणात राहिलं. परीक्षेच्या दिवशी खिडक्यांवर नेहमीसारखी माणसं होती.

एप्रिलमध्ये वर्ग आवरताना प्रयोगाच्या कागदांचा गठ्ठा हाती आला. रद्दीत टाकण्याआधी सहज चाळला. पाच, वीस, तीस, वीस, पाच. पुन्हा पाच, वीस, तीस, वीस, पाच. एका कागदातला एकोणीस-एकवीसचा फरक सोडला, तर सहाही वेळा तेच. आणि सातवा कागद: दोन, तेरा, सत्तावीस, सव्वीस, बारा. खाली कुशावर्ताच्या अक्षरात: एकूण चिंचोके तीनशे वीस, पांढरे एकशे त्र्याण्णव. म्हणजे जवळजवळ तीन-पंचमांश.

कपाटातून पूर्वपरीक्षेच्या पत्रिका काढल्या आणि पुठ्ठा बाजूला ठेवून पहिल्यांदा ते दहा प्रश्न वाचले. दोघींच्या त्या नऊच्या नऊ सारख्या उत्तरांत शक्यता तीन-पंचमांश धरली होती. दहाव्यात शमीमची बेरीज चुकली होती. पुस्तकात अशा प्रत्येक गणितात 'निःपक्षपाती नाणे' असं लिहिलेलं असतं. माझ्या प्रश्नात तो शब्द नव्हता. मी विचारलं होतं, चिंचोका टाकला तर काय होईल. त्यांनी मोजलं होतं, आणि मोजलेलं लिहिलं होतं. एका बाजूनं सपाट, दुसऱ्या बाजूनं फुगीर चिंचोका निम्मा पांढरा, निम्मा काळा पडेल, असं का वाटलं मला? त्यांच्याच गटातल्या उरलेल्या दोघींनी गाइडातलं पाठ करून निम्मी शक्यता धरली होती. त्यांना पैकीच्या पैकी मिळाले.

आणि माझं अठ्ठावीसशेत एक? दर वेळचा निकाल स्वतंत्र असला पाहिजे, ही अट मी वर्षभर फळ्यावर लिहीत होतो. एका व्हरांड्यात बसून, तेच चार चिंचोके ऐंशी वेळा टाकून शिकलेल्या दोघी एकमेकींपासून स्वतंत्र कशा? त्यांना एकत्र बसवलं कोणी? मीच.

कागद घेऊन मी तसाच दुकानात गेलो. अप्पा गूळ फोडत होते. दुकानाच्या दाराला आंब्याची पानं बांधलेली होती. कुशावर्ताचं लग्न चार दिवसांवर आलं होतं.

"अप्पा, मी चुकलो. ही चोरी नव्हती. हे बघा."

त्यांनी हात पुसले, कागद घेतला, रेघांवरून बोट फिरवलं. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आता कावून सांगता, सर?"

"मी पाहुण्यांकडे येतो. सांगतो त्यांना. लग्न पुढं ढकला, ऑक्टोबरला परीक्षा देता येईल…"

"कपिलधारला जाऊन देवापुढं लग्नाची पत्रिका ठिवून आलो. पाहुण्यांला काय सांगू? चिंचोके वाकडे होते म्हनून?" त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "त्या फळ्यावर लावता का हे? तेवढं करा. तेवढं केलं तरी बास."

मी प्राचार्यांकडे गेलो. ते म्हणाले, "सर, आता सुट्ट्या लागल्या. फळा बघायला कोन येतंय? आनि संस्थेला काय सांगायचं, आपलं गणित चुकलं? जून उजाडू द्या." जून उजाडला. मी पुन्हा विचारलं नाही. फळ्याची चावी शिपायाकडे असायची, मागितली असती तर मिळाली असती. मी स्वतःच्या हातानं एक कागद लावू शकलो असतो. लावला नाही. प्राचार्यांना मी पुढे करतो आहे, पण दोष त्यांचा नाही.

अप्पांनी तो कागद मला परत दिला नव्हता. मीही मागितला नाही. लग्नाला मला बोलावणं नव्हतं.

प्रयोग मी बंद केला. पुढची सगळी वर्षं फळ्यावर नाणं काढून, निम्मी शक्यता धरून तो धडा शिकवला. माझ्या वर्गाचे निकाल सुधारले. एक वर्ष तालुक्यात माझा सत्कार झाला.

पुष्कळ वर्षांनी अंबाजोगाईच्या रस्त्यावर एका गावात आमची बस बिघडली. समोर किराणा दुकान होतं, पाणी मागायला गेलो. गल्ल्यावर कुशावर्ता बसलेली. केस पिकायला लागलेले, कपाळाला अप्पांसारखीच विभूती. तिनं आधी ओळखलं.

"सर, बसा की. अगं, खुर्ची आन," आतल्या मुलीला हाक मारली. चहा आला. कुठं असता, रिटायर कधी, अशा गोष्टी झाल्या. अप्पा वारल्याचं तिथं कळलं. मग ती अगदी सहज म्हणाली, "अजून चिंचोके खेळवता का वर्गात?"

"नाही. बंद केलं."

"कावून?"

मी कपबशी खाली ठेवली.

"बंद कावून केलं सर? चांगलं होतं ते. मला तेवढंच आठवतं कॉलेजातलं." ती एका गिऱ्हाइकाला साखर बांधत होती, पुडीला दोरा गुंडाळत होती. "ह्या पोरीला पन शिकवलंय मी. तिला म्हनलं, आधी मोजायचं, मग पुस्तक बघायचं."

माझ्या ओठांवर आलं होतं. दोन शब्द होते. बाहेर कंडक्टरनं हाळी दिली, गाडी सुरू झाली, चला. मी उठलो आणि म्हणालो, "बस निघाली वाटतं." ती दारापर्यंत आली. मी तिची क्षमा मागितली नाही. बस त्यानंतरही बराच वेळ तिथंच उभी होती. मी खिडकीतून दुकान बघत बसलो, पण उतरलो नाही.

आता उतरून जायला ते दुकानही तिचं राहिलेलं नाही.

फोननंतर दहा-बारा दिवसांनी शमीम घरी आली. ती अंबाजोगाईला शाळेत गणित शिकवते. तिनं पर्समधून एक प्लॅस्टिकची पिशवी काढली. "कुशाच्या पोरीनं दिलं. तिच्या पेटीत होतं. अप्पांनी तिला लग्नात दिलतं म्हनं. पोरगी म्हनली, तुमी दोघींनी केलेलं हाय, तुमी न्या. मी म्हनलं, सरांपाशी असू द्या."

तोच कागद. घड्यांवर चिकटपट्टी लावलेली, सायक्लोस्टाइलची शाई पुसट झालेली. पेनच्या रेघा मात्र स्वच्छ. चार उभ्या, पाचवी आडवी. मी एकेक जुडगा मोजत गेलो. दोन, तेरा, सत्तावीस, सव्वीस, बारा. बरोबर ऐंशी.

त्या एप्रिलमध्ये घाईत मी फक्त पुढची बाजू पाहिली होती. पान उलटलं नव्हतं. आता उलटलं. 'निष्कर्ष' या शब्दापुढे कुशावर्तानं दोन ओळी लिहिल्या होत्या, अक्षर बारीक, सरळ:

'आमचे चिंचोके निम्मे पांढरे पडत नाहीत. फळ्यावरचे उत्तर यांना लागू होईल का? सरांना विचारणे.'

त्याखाली लाल शाईत माझी सही आहे, आणि सहीच्या वर माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे: पाहिले.